संख्याशास्त्र, पहिलं वर्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश सुरू झाले की दरवर्षी कोल्हापुरातल्या आमच्या विभागाच्या दारात तेच प्रश्न येतात. कधी मुलं विचारतात, कधी गारगोटीहून पहाटेची एसटी धरून मुलीबरोबर आलेले वडील. गर्दीत प्रत्येकाला नीट वेळ देता येत नाही, याचं वाईट वाटतं. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. इथले नियम माझ्या वर्गाचे आहेत. विद्यापीठाच्या परीक्षेची तारीख, गुणांची विभागणी, फॉर्म भरायची मुदत हे सगळं त्या त्या वर्षीच्या परिपत्रकाप्रमाणे चालतं, त्यासाठी नोटीस बोर्ड बघायचा.

मॅडम, बारावीला गणितात काठावर सुटलोय. स्टॅट्स झेपेल का?

झेपेल. पहिल्या वर्षाला लागणारं गणित म्हणजे बेरीज, वर्ग, वर्गमूळ, टक्केवारी आणि सूत्रात किमती घालणं. सिग्माचं चिन्ह बघून दचकू नका, 'हे सगळं मिळवा' एवढाच त्याचा अर्थ. संभाव्यतेला परम्युटेशन-कॉम्बिनेशन लागतं, ते मी पहिल्यापासून शिकवते.

मुलं अडतात ती गणितात कमी आणि वाचण्यात जास्त. 'किमान दोन', 'जास्तीत जास्त दोन' आणि 'दोनपेक्षा जास्त' या तीन शब्दप्रयोगांवर जेवढे गुण जातात तेवढे दुसऱ्या कशावर जात नसतील. अंड्यांच्या ट्रेमध्ये किमान दोन फुटकी निघण्याची संभाव्यता काढायची असेल, तर ० आणि १ या दोन शक्यता एकातून वजा करायच्या. दोनपेक्षा जास्त म्हटलं असेल, तर ०, १ आणि २ या तिन्ही. सूत्र तेच, कॅल्क्युलेटर तोच, पण वाक्य घाईत वाचलं की उत्तर गेलं. म्हणून पहिले दोन आठवडे मी गणितं सोडवून घेत नाही, नुसती वाचून घेते. उदाहरण मोठ्यानं वाचायचं आणि 'काय दिलंय, काय विचारलंय' ते आपल्या शब्दांत सांगायचं. बरीच मुलं याला कंटाळतात. तरी मी ते सोडणार नाही.

मी मराठी माध्यमातून आलोय. सगळं इंग्रजीत असतं का?

शिकवणं मराठीत, संज्ञा दोन्हींत. मध्य, मध्यक, बहुलक हे तुम्ही शाळेच्या बीजगणितात केलंच आहे. तेच इथे मीन, मेडियन, मोड म्हणून भेटतात. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे प्रमाण विचलन, आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. कोरिलेशन म्हणजे सहसंबंध, दोन गोष्टी बरोबरीनं किती बदलतात ते. वहीच्या शेवटच्या दोन पानांवर अशी जोड्यांची यादी वर्षभर वाढवत न्या.

जर्नलमधला निष्कर्ष मराठीत लिहिलेला मला चालतो, नव्हे, आवडतो. इंग्रजी पाठ केलेलं वाक्य प्रत्येक प्रयोगाखाली उतरवणाऱ्या मुलाला काय समजलं ते मला कळत नाही. 'दोन्ही वाफ्यांतल्या उताऱ्यात दिसणारा फरक योगायोगानं पडेल इतकाच आहे' असं कोणी लिहिलं की लगेच कळतं.

एक शब्द मात्र आत्ताच नीट लक्षात ठेवा: सिग्निफिकंट. मराठीत आपण 'लक्षणीय' म्हणतो. त्याचा अर्थ मोठा किंवा महत्त्वाचा असा नाही. केवळ योगायोगानं एवढा फरक दिसणं अवघड आहे, इतकंच तो शब्द सांगतो. समजा एका खतानं गुंठ्यामागे पाव किलो भात जास्त आला आणि प्रयोग खूप शेतांवर झाला, तर हा पाव किलोचा फरकही लक्षणीय ठरू शकतो. पण त्या पाव किलोसाठी खताचं पोतं परवडतं का, हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे आणि त्याचं उत्तर फरक लक्षणीय आहे का ते बघणाऱ्या चाचणीत नाही.

हजेरी किती लागते? एसटी उशिरा आली तर?

पंचाहत्तर टक्के. तासाला दहा मिनिटं उशीर झाला तर मागच्या दारानं शांतपणे आत या, परवानगी मागायला थांबू नका. सकाळची एसटी तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्याची हजेरी मात्र लावायची नाही. तसं सापडलं तर दोघांचीही त्या आठवड्याची हजेरी जाते.

प्रॅक्टिकल बुडलं तर त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर करून घ्या. आधी सांगितलंत तर कोणतीच अडचण नाही. महिन्यानं येऊन 'राहिलेली तीन प्रॅक्टिकलं एकदम देतो' म्हणालात तर मी नाही म्हणेन.

पुरात अडकलो तर काय?

हा प्रश्न दुसऱ्या गावच्या कॉलेजात कुणी विचारणार नाही, पण आपल्याकडे तो दर पावसाळ्यात येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आंबेवाडी, चिखली, शिरोळकडची मुलं तेव्हा कशी राहिली, हे आम्ही पाहिलं आहे.

म्हणून माझा नियम साधा आहे. धोका पातळी ओलांडली की नदीकाठच्या आणि रस्ता बंद झालेल्या गावांतल्या मुलांची गैरहजेरी माझ्या वहीत गैरहजेरी म्हणून लागत नाही. अर्ज, दाखला काही नको. घर सावरून झाल्यावर या. बुडालेलं प्रॅक्टिकल मी स्वतः घेते, आणि वह्या-जर्नल पाण्यात गेलं असेल तर विभागातून नवं मिळतं. जुन्या प्रयोगांचे गुण माझ्या नोंदवहीत असतात, ते पुन्हा लिहायला लागत नाहीत.

त्या दिवसांत रोज प्रसिद्ध होणाऱ्या पाणीपातळीच्या नोंदी जमल्या तर उतरवून ठेवा, वेळ आणि फूट-इंच. पुढच्या सत्रात आलेख काढायला याहून चांगली माहिती नाही. गगनबावड्यात, राधानगरीत पाऊस पडल्यावर शहरातली पातळी किती तासांनी चढते, हे आपल्या वहीतल्या आकड्यांवरून दिसलं की मागच्या पिढीनं अंदाजानं सांगितलेल्या गोष्टी वेगळ्याच वाटायला लागतात.

कोणता कॅल्क्युलेटर घ्यायचा?

साधा सायंटिफिक पुरतो. बहुतेकांकडे कॅसिओचा एफएक्स-८२एमएस असतो, तोच ठेवा. त्यात मोड दाबून २ निवडलं की प्रमाण विचलनाचा भाग उघडतो, ३ निवडलं की समाश्रयणाचा (रिग्रेशनचा). आकडे एकेक करून एम-प्लसनं भरायचे आणि शेवटी शिफ्टबरोबर २ दाबून हवं ते मागायचं.

इथे एक जागा आहे जिथे दरवर्षी निम्मा वर्ग घसरतो. त्या यादीत प्रमाण विचलनं दोन दिसतात. एकाखाली 'एन' (एकूण आकडे किती ते) असतं, दुसऱ्याखाली 'एन वजा एक'. कोणतं केव्हा घ्यायचं ते खाली स्वतंत्र प्रश्नात लिहिलं आहे. आणि नवीन उदाहरण सुरू करण्याआधी जुनी माहिती पुसा. मागच्या उदाहरणाचे सात आकडे आत राहिले आणि नव्याचे दहा भरले, तर कॅल्क्युलेटर सतरांचं उत्तर बिनतक्रार देतो. उत्तराआधी एकदा 'एन' किती झालाय ते बघायची सवय लावा.

मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर परीक्षेत चालत नाही, म्हणून वर्गातही नको.

'एन'नं भागायचं की 'एन वजा एक'नं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्याला मनापासून उत्तर द्यायचं तर थोडी जागा लागेल.

समजा दूध संस्थेतून मिळालेल्या म्हशीच्या दुधाच्या पाच चिठ्ठ्यांवर फॅट आहे ६.२, ६.५, ६.८, ६.४ आणि ६.६. सरासरी ६.५. आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब ते लिहा: उणे ०.३, शून्य, अधिक ०.३, उणे ०.१, अधिक ०.१. यांची बेरीज शून्य येते, आणि ती नेहमी शून्यच येणार, कारण सरासरी काढलीच आहे याच आकड्यांतून. म्हणजे यातल्या चार फरकांना मोकळीक आहे, पाचवा बांधलेला. पहिले चार सांगा, पाचवा मी न बघता सांगते. खरी मोकळी माहिती चारच आहे, म्हणून चारनं भागायचं.

या पाच फरकांच्या वर्गांची बेरीज ०.२० येते. पाचनं भागून वर्गमूळ काढलं तर ०.२०, चारनं भागलं तर जवळपास ०.२२. फरक छोटा दिसतो, पण दिशा बघा. पाचनं भागलं की पसारा खऱ्यापेक्षा कमी दिसण्याकडे कल राहतो, कारण आपण फरक मोजतोय ते म्हशीच्या खऱ्या सरासरीपासून नाही, तर या पाच चिठ्ठ्यांना सगळ्यांत जवळ पडणाऱ्या आकड्यापासून.

तेव्हा उत्तर असं: हातात आहेत तेवढेच आकडे म्हणजे सगळं जग असेल, उदाहरणार्थ वर्गातल्या साठही मुलांचे गुण आणि प्रश्नही त्या साठांपुरताच, तर 'एन'. हातातले आकडे नमुना असतील आणि बोलायचं असेल ते सगळ्या म्हशीच्या दुधाबद्दल, तर 'एन वजा एक'. एक्सेलमध्ये हीच जोडी एसटीडीईव्ही डॉट पी आणि डॉट एस अशी भेटते. पेपरात कोणतं घेतलं आणि का, हे एका ओळीत लिहा. ती ओळ असेल तर मी अर्धा गुण जास्त देते, नसेल तर उत्तर बरोबर असूनही पूर्ण गुण देत नाही.

प्रॅक्टिकलला आकडे कुठून आणायचे?

पुस्तकातली तयार उदाहरणं वर्गात सोडवू. प्रॅक्टिकलच्या निम्म्या प्रयोगांसाठी मात्र आकडे तुम्ही आणायचे, आणि ते आपल्या आसपास ढिगानं पडलेले आहेत. दूध संस्थेच्या चिठ्ठ्या, मार्केट यार्डातले गुळाचे सौदे, शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांत पडलेले गोल, केएमटीच्या थांब्यावर दोन बसमधला वेळ. गोल मोजणाऱ्या मुलांना पॉइसन वितरण (एखादी घटना शून्य, एक, दोन वेळा घडण्याची संभाव्यता सांगणारं) शिकवावं लागत नाही. शून्य गोलाचे सामने किती, एक गोलाचे किती, असा तक्ता त्यांनी आपणच केलेला असतो.

प्रत्येक प्रयोगाच्या डोक्यावर पाच गोष्टी लिहायच्या: आकडे कोणी मोजले, कधी, कुठे, कशानं, आणि मोजायचं काय राहून गेलं. या पाच ओळी नसतील तर मी पुढचं गणित तपासत नाही. हे कठोर वाटतं, माहीत आहे. पण माझ्या वर्गात एकच गोष्ट शिकून गेलात आणि बाकी सगळं विसरलात तरी मला चालेल, ती ही: आकडा आला कुठून ते सांगता आलं पाहिजे.

त्या ओळींनी काय होतं याचं एक उदाहरण. कागल तालुक्यातली एक मुलगी महिन्याभराच्या चिठ्ठ्या घेऊन आली. घरची एकच म्हैस, पण फॅटचं प्रमाण विचलन फार मोठं येत होतं आणि आयतालेखाला (हिस्टोग्रामला) दोन उंचवटे. तिला वाटलं गणित चुकलं. तीनदा करून बघितलं, उत्तर तेच. मग 'कधी मोजलं' ही ओळ भरताना ती थांबली. चिठ्ठ्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या एकत्र होत्या. रात्रीचं अंतर मोठं असलं की सकाळच्या धारेला दूध जास्त आणि फॅट कमी पडतं, संध्याकाळी उलट. तिनं टेबलावर चिठ्ठ्यांच्या दोन थप्प्या लावल्या, दोन वेगळे आयतालेख काढले, आणि प्रत्येकाला एकच उंचवटा आला. 'हे आईला माहीत होतं मॅडम, मला आज दिसलं,' म्हणाली. त्या जर्नलचं ते पान मी अजून नव्या मुलांना दाखवते.

आकडे मनानं लिहिले तर कळतं का?

कळतं. आणि हे मी धाक घालायला लिहीत नाही.

एका वर्षी रुपयाचं नाणं शंभर वेळा उडवून छापा-काटा क्रमानं लिहायला सांगितलं होतं. साठ वह्या आल्या. त्यातल्या बऱ्याच वह्यांत छापा-काटा अगदी नीट आळीपाळीनं होते, सलग तीनच्या पुढे कुठेच नाही. माणूस मनानं लिहायला बसला की त्याला वाटतं, तीन छापे झाले, आता काटा आला पाहिजे. नाण्याला असं काही वाटत नाही. शंभर वेळा खरंच उडवलं तर सलग पाच किंवा जास्त वेळा तीच बाजू कुठेतरी पडणं जवळजवळ ठरलेलंच असतं. मी त्या मुलांना बोलावलं, वर्गातच नाणं उडवायला लावलं आणि फळ्यावर लिहीत गेले. चाळिसाव्या फेकीच्या आधीच सहा काटे ओळीनं पडले. मग कुणी काही बोललं नाही. मला राग कमी आणि दुःख जास्त झालं होतं, कारण दहा मिनिटांचं काम होतं आणि त्यात एक फार सुंदर गोष्ट बघायची राहिली.

मोजमापांतही असंच दिसतं. उंचीचे आकडे ०, ५ वर संपायला लागले की समजावं, पट्टी लावली नाही, अंदाज केला. आपल्या जनगणनेतही वयं शून्य आणि पाचवर गोळा झालेली असतात. आजीला वय विचारा, 'असंल पासष्ट-सत्तर' असंच उत्तर येईल. तिथे ते प्रामाणिक आहे. जर्नलमध्ये नाही.

बनवलेल्या आकड्यांसाठी माझ्याकडे एकच शिक्षा आहे: त्या प्रयोगाला शून्य, आणि पुन्हा करायची संधी त्याच सत्रात एकदाच. चुकून कमी मोजले, अर्धेच आकडे मिळाले, मोजताना पट्टी घसरली, हे सगळं लिहून आणा. त्याला मी गुण कापत नाही.

मित्राबरोबर केलं तर? एआयला विचारलं तर?

मित्राबरोबर अभ्यास जरूर करा. आकडे दोघांनी मिळून गोळा केले तर दोघांची नावं लिहा. निष्कर्ष मात्र ज्याचा त्यानं लिहायचा.

चॅटबॉटला एखादी संज्ञा समजावून सांगायला सांगितलंत तर माझी हरकत नाही. उत्तरं ताडून बघा, कारण साधी आकडेमोड चुकूनही ते ठाम सुरात सांगतं. त्याच्याकडून निष्कर्ष लिहून घेतलात तर ओरलला अडचण येईल. मी प्रत्येकाला त्याच्याच जर्नलमधला एक प्रयोग उघडून विचारते, 'हा आकडा इथे का आला?' ज्यानं स्वतः केलंय त्याला या प्रश्नाची भीती वाटायचं कारण नाही.

सरासरी काढली की झालं ना? मध्यक वगैरे कशाला?

पाच घरांचं महिन्याचं उत्पन्न समजा १८, २०, २२, २५ आणि १६५ हजार आहे. सरासरी ५० हजार. या पाचांतल्या एकाही घरात ५० हजारांच्या आसपास काही येत नाही. मध्यक २२ हजार. गल्लीत कोण कसं राहतं हे सांगायला मध्यक जवळचा. पण ग्रामपंचायतीला एकूण बेरीज हवी असेल, तर सरासरी गुणिले पाच हाच रस्ता, मध्यकातून बेरीज मिळत नाही. विचारलंय काय, त्यावर ठरतं.

आपल्या जिल्ह्याचं पाऊसमान हे आणखी चांगलं उदाहरण. बारा तालुके. सह्याद्रीला टेकलेल्या गगनबावड्यात पाऊस थांबता थांबत नाही आणि पूर्वेला शिरोळात त्याच्या कितीतरी कमी. 'जिल्ह्याचा सरासरी पाऊस' या आकड्यानं ना गगनबावड्याचं वर्णन होतं, ना शिरोळचं. आणि शिरोळला पूर येतो तो शिरोळच्या पावसानं नाही. म्हणून माझ्या पेपरात नुसती सरासरी लिहून थांबू नका. सोबत पसारा द्या, आणि तो आकडा कुणाचं वर्णन करतो ते एका वाक्यात सांगा.

सर्वेक्षणासाठी किती जणांना विचारायचं?

'किती' आधी 'कुणाला' ठरवा. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती खरी ठरते, कारण आई शीत वरचं घेत नाही, पळी घालून मधलं काढते. कॉलेजच्या कँटीनमधल्या चाळीस मुलांना विचारून 'कोल्हापुरातल्या तरुणांचं मत' लिहिणं म्हणजे वरचं शीत. कँटीनमध्ये कोण बसतं? ज्याला दुपारची एसटी धरायची नसते तो.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव या विषयात तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांवर (शेतातला ठरावीक तुकडा कापून त्यावरून उतारा काढणं) काम करताना त्यांनी दाखवलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. कारण अगदी साधं आहे. तुकड्याच्या कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना माणूस ते आत धरतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. कुणी खोटेपणा केलेला नसतो, तरी आकडा फुगतो. गावात पीक कापणी प्रयोग होताना कधी हजर राहायला मिळालं, तर चौकोनाच्या दोरीवरच्या रोपांचं काय करतात ते बघून या.

आता 'किती'. होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नाला यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे प्रत्येकाला सारखी संधी देऊन, निवडलेले १०० जण असतील, तर अंदाजात दोन्ही बाजूंना सुमारे १० टक्क्यांची चूक धरावी. ४०० असतील तर सुमारे ५. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट. पहिल्या वर्षाच्या प्रकल्पाला नीट निवडलेले ६० जण मला पुरतात. वाटेल तिथून गोळा केलेले ६०० नकोत.

सहसंबंध जास्त आला म्हणजे एकामुळे दुसरं घडलं ना?

नाही. दिवाळी पाडव्याला गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो, आवक वाढत जाते, आणि त्याच दिवसांत स्वेटर खपायला लागतात. गुळामुळे थंडी वाजत नाही, दोन्हींच्या मागे ऋतू आहे. ओरलला हे उदाहरण देऊ नका, आपलं शोधा.

उत्तर चुकलं पण रीत बरोबर असेल तर गुण मिळतात का?

मिळतात, बहुतेक सगळे. आकडेमोडीच्या चुकीला जास्तीत जास्त एक गुण जातो. पण संभाव्यता १.४ आली, प्रचरण (व्हेरिअन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) उणे आलं, किंवा सहसंबंध गुणांक एकच्या वर गेला आणि तुम्ही तसाच चौकट करून ठेवलात, तर मात्र माझ्याकडून गुण जातात. वेळ नसेल तर शेजारी लिहा, 'हे उत्तर शक्य नाही, वर कुठेतरी चूक आहे.' त्या वाक्याला गुण आहेत. एककं विसरू नका. सहसंबंध गुणांकाला मात्र एकक नसतं.

जर्नल उशिरा दिलं तर?

एक आठवडा सवलत, कारण न विचारता. त्यानंतर प्रत्येक आठवड्याला त्या प्रयोगाचा एक गुण कमी. उसाच्या तोडीत घरी मदत करावी लागते, बहिणीचं लग्न असतं, हे समजतं. आधी सांगून जा, एवढंच.

तपासलेल्या गुणांबद्दल शंका असेल तर जर्नल मिळाल्यापासून आठ दिवसांत घेऊन या. माझी चूक असेल तर मी समोरच दुरुस्त करते. अशा चुका माझ्याकडून होतात आणि त्या दाखवून देणाऱ्या मुलांवर मी कधी रागावलेले नाही.

लॅपटॉप लागतो का?

नाही. विभागातली संगणक खोली दुपारी चारपर्यंत उघडी असते. एक्सेल आणि आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) दोन्ही तिथे आहेत, आर तर घरीही फुकट घेता येतं. पहिले दोन महिने मात्र सगळं हातानं. प्रमाण विचलन एकदा दहा आकड्यांवर हातानं काढल्याशिवाय ते काय मोजतं हे बोटांत उतरत नाही.

पालक: हे शिकून पुढे काय?

दादा, ताई, तुमची काळजी खरी आहे, म्हणून मोघम बोलत नाही. शिवाजी विद्यापीठातच एम.एस्सी. करता येतं. केंद्राची भारतीय सांख्यिकी सेवा आहे, तिची परीक्षा यूपीएससी घेते. स्टाफ सिलेक्शनमधून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येतं. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याचं कार्यालय जिल्ह्यातही असतं. विमा कंपन्या, औषध कंपन्या, बँका इथे आकड्यांचं काम करणारी माणसं लागतात. पुण्या-मुंबईला जावं लागेल का? बऱ्याचदा हो. मुलगी असेल तर हा प्रश्न तुम्ही जरा जास्त थांबून विचारता, ते मला दिसतं. आमच्या विभागातून गेलेल्या मुली तिथे खोली घेऊन नीट राहिल्या आहेत. हवं तर त्यांच्याशी बोलणं करून देते.

आणि हा विषय कोल्हापूरला परका नाही. प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार १९१९ साली कोल्हापुरातच जन्मले. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख, आणि १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

तुम्हाला कधी भेटता येईल?

रोज दुपारी दोन ते तीन, शनिवारी सकाळी. प्रश्न लहान आहे म्हणून येऊ नये असं कुणी करू नका. येताना जिथे अडलात ते पान उघडून आणा. 'काहीच कळत नाही' म्हणालात तरी चालेल, आपण तिथूनही सुरू करू, फक्त वेळ जास्त लागेल.

पहिल्या तासाला काय आणायचं?

शंभर पानी वही, पट्टी, पेन्सिल, कॅल्क्युलेटर. आणि घरातलं एक वीजबिल. त्यावर मागच्या महिन्यांचा वीज वापर छापलेला असतो. नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून टाका. घरी विचारून या की सगळ्यांत उंच महिन्यात घरात काय होतं: लग्न, पाहुणे, उन्हाळ्यातला कूलर, की मोटार. पहिला तास त्यावरच आहे.